उपकारस्तुतीचा रविवार

"रत्ना, जरा इथे बोट लावून बघ," हे म्हणाले.

ते अंगणात दाढी करत होते. आरसा पेरूच्या फांदीला टांगलेला, अर्ध्या गालावर साबण तसाच. मी हातातला झाडू टाकून जवळ गेले. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, त्यांनी माझं बोट धरून टेकवलं. कातडीखाली काहीतरी होतं. चिंचोक्याएवढं, टणक. दाबलं तरी जागचं हलत नव्हतं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग नस असेल."

पहिली गाठही दुखत नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी उरलेली दाढी नीट केली, तोंड धुतलं, आरसा काढून आत नेला आणि म्हणाले, "नगरला जाऊन येऊ. आजच. कोणाला बोलू नको."

शुक्रवार होता. आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण होता.

ह्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हा हे वीज मंडळात लाईनमन होते. देवदान वैरागर म्हटलं की आसपासच्या चार गावांत लोक ओळखायचे, आधी खांबावर चढणारा माणूस म्हणून, आणि नंतर साक्ष देणारा माणूस म्हणून. ते असं झालं. त्या शुक्रवारच्या दोन वर्षं आधी त्यांच्या मानेत गाठ आली. कॅन्सर निघाला. पुण्याला औषधाचे डोस सुरू झाले. पण पुढे पुढे ते डोस त्यांच्या अंगाला सोसेनात. तोंडात फोड, रक्त कमी, उभं राहिलं की चक्कर. शेवटचे दोन डोस राहिले असताना ह्यांनी हात टेकले आणि आम्ही घरी परत आलो. दोन महिन्यांनी तपासलं तर गाठ नाही. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बघितलं. काही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ह्यांनी चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगितलं. म्हणाले, "औषध अर्धवट राहिलं, ते देवाने पूर्ण केलं." ह्यांचा आवाज मुळातच भरदार. ते वाक्य ऐकून बायका रडल्या. मीही रडले. मग शेजारच्या गावच्या मंडळीने बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. जिथे जातील तिथे ते वाक्य आधीच जाऊन पोचलेलं असायचं.

नगरच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली, सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला वेळ होता. पण हे म्हणाले, तुम्हाला काय वाटतं तेवढं सांगा. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "तेच आहे असं धरून चला. ह्या वेळी डोस पूर्ण घ्यावे लागतील. आणि पहिल्यापेक्षा जड असतील."

बाहेर आल्यावर मी ह्यांचा हात धरला. उंच खांबावर, भर वाऱ्यात एका पट्ट्यावर लटकणारा माणूस, पण एसटीच्या पायरीवर चढताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

गावच्या स्टँडवर उतरलो तर समोर ललिता. आमच्याच मंडळीतली, तरुण पोर. नवरा दुधाच्या टँकरवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिची मुलगी शेरॉन सात वर्षांची होती आणि तिला साखरेचा आजार होता. मोठ्या माणसांचा गोळ्यांचा नव्हे, लहान मुलांचा, ज्यात रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते. ती सुई ललिताच द्यायची. मी एकदा बघितलं होतं. शेरॉन घरभर पळायची, कॉटखाली लपायची, आणि ललिता तिला ओढून काढून मांडीत दाबून धरायची. सुई दिल्यावर दोघी रडायच्या.

त्या दिवशी मात्र ललिताचा चेहरा उजळलेला होता. तिने ह्यांना वाकून सलाम केला आणि सांगायला लागली, की तिने ठरवलंय. रविवारी इन्सुलिन आणि सुया अर्पणात देवापुढे ठेवायच्या आणि मग घरी न्यायच्या नाहीत. "तुमच्या साक्षीनेच मला बळ आलं, काका," ती म्हणाली. "अर्धवट राहिलेलं तो पूर्ण करतो ना? मग मी कशाला धरून बसू?"

हे तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "डॉक्टरांना विचारलंस का?"

ती हसली. "तुम्ही विचारलं होतं का?"

घरी आल्यावर ह्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "रत्ना, सुई बंद केली तर ते पोर आठवडा काढणार नाही."

मला ते कळत होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात ललिताची शेरॉन नव्हती. माझ्या मनात रविवार होता. तीन गावांची मंडळी येणार होती. ह्यांची साक्ष ठरलेली होती. आता हे उठून म्हणणार, की गाठ परत आली? लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं, कारण मीही कधी ते दुसऱ्यांबद्दल म्हटलेलं होतं. ह्याचा विश्वास कमी पडला. ह्याच्या आयुष्यात काहीतरी लपलेलं असेल. मी ह्यांना म्हटलं, ललिताला खासगीत समजावा, पण रविवार तेवढा निघून जाऊ द्या. रिपोर्ट येऊ द्या.

शनिवारी सकाळी ते तिच्याकडे जाऊन आले. परत आले ते खांदे पाडूनच. तिला म्हणाले होते, सुई थांबवू नकोस, देव औषधातूनही काम करतो. त्यावर ललिता म्हणाली, काका, तुम्ही माझ्या विश्वासाची परीक्षा घेताय, मी ओळखलं. आणि त्यांना चहा दिला. खरं कारण सांगायचं तर गाठीचं सांगावं लागणार होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"मला सांगता आलं नाही," ते म्हणाले. "मी तिथे चहा पीत बसलो."

दुपारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, दुसऱ्या दिवसाचा उपासनेचा क्रम सांगायला. आढाव म्हणून होते. साधा, थकलेला माणूस. तीन गावांच्या मंडळ्या सायकलवर फिरून सांभाळायचा. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. पाळकसाहेब बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत राहिले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मनापासून केली. मग म्हणाले, ललिताशी मी बोलतो, पण उद्या लोक लांबून येणार आहेत, काही जण पहिल्यांदाच येणार आहेत. रिपोर्ट अजून हातात नाही. उद्या जे पूर्वी सांगितलं तेच सांगा. ते काही खोटं नाही.

"खोटं नाही," हे म्हणाले, "पण पुरतंही नाही."

पाळकसाहेब गेल्यावर हे म्हणाले, "साहेबांनी प्रार्थना केली ना, तेव्हा मी नुसतं आमेन म्हटलं. कालपासून मला प्रार्थनाच येत नाही. जीभ टाळूला चिकटते. ज्याने बरं केलं त्याला काय म्हणू आता?"

मी चूल पेटवली. संध्याकाळी दोघांनीही ताटातलं अन्न चिवडलं.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, कांद्याच्या टोपल्या, कोणी आणलेली कोंबडी पाय बांधून ठेवलेली. उपासना झाल्यावर ह्या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि मुलं त्याचीच वाट बघायची. ढोलकी वाजत होती. हे पहिल्या रांगेत बसले होते, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी लावून. एरवी ते ती कधी लावत नसत.

मी बायकांच्या बाजूला दाराजवळ बसले होते. तिथे पाण्याचा माठ होता. शेरॉन येऊन पाणी प्यायली. गीत संपायच्या आत परत आली. पुन्हा प्यायली, ग्लास दोन्ही हातांनी धरून, श्वास न घेता. बायबलचा शास्त्रपाठ चालू असताना ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला जवळ ओढलं. ओठ कोरडे पडलेले. श्वास मोठमोठा चालला होता, पळून आल्यासारखा. तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा विचित्र वास येत होता.

"बाळा, सुई कधी घेतलीस?"

तिने मान हलवली. "आईने बंद केली. परवा संध्याकाळपासून."

म्हणजे ललिता रविवारपर्यंत थांबलीच नव्हती. स्टँडवर भेटली त्याच संध्याकाळी तिने सुई ठेवून दिली होती. आज फक्त अर्पण व्हायचं बाकी होतं. मी समोर बघितलं. अर्पण आणणाऱ्यांची रांग लागली होती आणि ललिता फुलाफुलांच्या रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन वेदीकडे चालली होती. तिने ते भोपळ्यांच्या शेजारी ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली.

मी उठले. पुरुषांच्या बाजूने, सगळ्यांच्या देखत, पहिल्या रांगेपर्यंत गेले आणि ह्यांच्या कानात सांगितलं, "तिने शुक्रवारीच बंद केलीये. पोरीला धाप लागलीये."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी कधी विसरणार नाही. खोल विहिरीत पडलेला माणूस वर बघतो तसे. मग ते उठले. पाळकसाहेबांनी अजून नाव पुकारलं नव्हतं. ढोलकी थांबली.

हे वेदीपुढे उभे राहिले. खाकरले. एवढा भरदार आवाज, पण पहिल्या चार रांगांनाच ऐकू गेला असेल.

"माझी गाठ परत आलीये," ते म्हणाले.

पाय बांधलेली कोंबडी एकदा फडफडली.

"शुक्रवारी सापडली. औषध अर्धवट राहिलं ते देवाने पूर्ण केलं, असं मी गावोगाव सांगत फिरलो. मला ते वाक्य आवडायला लागलं होतं. औषध अर्धवट राहिलं, कारण मला सोसलं नाही. एवढंच खरं आहे." एका हाताने त्यांनी वेदीची कड धरली होती. "मला भीती वाटतेय. तीन दिवस मला प्रार्थना करता आलेली नाही. आपला प्रभूसुद्धा क्रुसावरच्या मरणाच्या आदल्या रात्री घाबरला होता. त्याने मागितलं होतं, की हे टळू दे. टळलं नाही. हे मी शंभर वेळा वाचलंय, पण घाबरलेला तो मला कधी दिसला नव्हता. आता दिसतोय. माझ्या शेजारी बसलेला दिसतोय. दुसरं काही माझ्याजवळ आज सांगायला नाही."

मग ते वाकले, भोपळ्यांजवळचा तो रुमाल उचलला आणि ललितापुढे धरला.

"हे त्यानेच दिलेलं आहे, पोरी. त्याला परत करायचं नसतं."

ललिताचा चेहरा पांढरा पडला होता. तिने हात मागे घेतले. "तुमचं परत आलं म्हणून माझ्या पोरीचं थांबवता?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तुमचा विश्वास कमी पडला असेल."

मला ज्याची भीती होती ते वाक्य, भर मंडळीत, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर आलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"कमी पडला असेल," हे म्हणाले. "पण सुई घे."

तेवढ्यात माझ्यामागे कोणीतरी ओरडलं. शेरॉनला माठाजवळ उलटी झाली होती आणि ती भिंतीला धरून खाली बसत होती.

शेजारच्या वडाळा गावची मंडळी जीपने आली होती. त्याच जीपमध्ये ललिता पोरीला मांडीवर घेऊन बसली, शेजारी मी, पुढे हे, तो रुमाल हातात घेऊन. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत रस्ता खड्ड्यांचा. शेरॉन धापा टाकत होती आणि मध्येच तिचे डोळे वर जात होते. ललिता तिला हलवत होती, नाव घेत होती. मला बायबलमधलं एकही वचन आठवेना. मी नुसती शेरॉनचे पाय धरून बसले होते. ते थंड होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पोरीचा श्वास बघितला, रुमाल उघडून बघितला, आणि सगळं समजली. सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, नर्सला भराभर काय काय सांगितलं. मग ललिताकडे वळून म्हणाली, "उद्या आणली असतीत तर आणायची गरजच पडली नसती." आणि आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बोळात एकच बाक होता. त्यावर ललिता बसली. हे तिच्यासमोर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मी उभीच होते. दुपार सरत चालली. नर्स आत जायची, बाहेर यायची, आम्ही तिचं तोंड बघायचो आणि ती मान हलवायची, अजून नाही म्हणून. ललिता ह्यांच्याकडे बघत नव्हती. तिने एकदा पदर तोंडात कोंबला आणि पुढेमागे झुलायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला.

कितीतरी वेळाने ती म्हणाली, "काका, तुम्हाला खरंच भीती वाटते?"

"वाटते."

"मग घरी का नाही गेलात?"

"घरीही वाटलीच असती," हे म्हणाले. "इथे निदान तू आहेस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा बांध फुटला. "मला ती सुई मारवत नव्हती हो, काका," ती म्हणाली. "विश्वास कुठला! रोज तिचं ते रडणं ऐकवत नव्हतं. मी देवाचं नाव पुढे केलं."

"मीही तेच केलं होतं," हे म्हणाले. "मला डोस सोसले नाहीत, आणि मी त्याचं नाव पुढे केलं."

मग ललिता म्हणाली, "प्रार्थना करा ना."

"मला येत नाहीये. तू कर."

"मला कुठली यायला?"

"लहानपणी शिकवलेली तरी येते ना?"

ती बाकावरून खाली उतरली आणि त्यांच्यासमोर बसली. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली, जी शेरॉनच्या वयाच्या पोरांनाही पाठ असते. देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, ह्या ओळीवर आली आणि तिथे अडली. पुढे जाता येईना. आतमध्ये तिची पोर होती. ती ओळ कोणती आई सहज म्हणेल? तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मलाही तो म्हणवेना. ह्यांची गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती.

आम्ही तिघं त्या ओळीशी थांबून राहिलो. कोणी कोणाला घाई केली नाही.

मग हे हळूच म्हणाले. पुटपुटलेच म्हणा ना. ती एक ओळ, आणि पुढची रोजच्या भाकरीची, आणि पुढची. ललिता त्यांच्या मागोमाग म्हणत गेली. मी शेवटच्या आमेनला मिळाले. शुक्रवारपासून ह्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली प्रार्थना. गाठ जागेवरच होती आणि आत पोरगी तशीच धापा टाकत होती. पण हे भिंतीचा टेकू सोडून ताठ बसले होते, आणि ललिताचं झुलणं थांबलं होतं.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, श्वास सुधारलाय, आईला ओळखतेय. ललिता आत पळाली. हे उठायला गेले तर त्यांचे पाय वळले होते. मला म्हणाले, "हात दे."

ह्यांचा रिपोर्ट बुधवारी आला. डॉक्टर म्हणाला होता तेच निघालं. ह्या वेळी पूर्ण डोस घेतले, आणि ते खरंच जड होते. त्यानंतर हे चार वर्षं जगले. खांबावर पुन्हा चढले नाहीत, ऑफिसात बसून तक्रारी घ्यायचे. शेवटचे सहा महिने फार त्रासाचे गेले. ते कधी भ्यायले नाहीत असं मी म्हणणार नाही. भ्यायचे. पण भ्यायल्यावर आता मला सांगायचे आणि आम्ही दोघं बसायचो. शेरॉन शिकली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा आहे.

पण मला सांगायचाय तो त्या सणाच्या पुढचा रविवार. डोस सुरू व्हायचे होते, आणि मी म्हणत होते, नको जायला, लोक बघतील. हे म्हणाले, बघू दे. आम्ही मागे बसलो. ललिताही आली होती, शेरॉनला घेऊन. तिच्या बाजूची जागा रिकामी होती, कोणी बसलं नव्हतं. तिथे मी जाऊन बसले.

पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? एरवी ह्या वेळी दोन-तीन जण तयारच असायचे. कोणाचा बैल बरा झालेला, कोणाला नोकरी लागलेली. त्या दिवशी कोणी उठेना. पाळकसाहेब थांबले. मला वाटलं, आता ते गीताचा नंबर सांगतील.

तेवढ्यात खिडकीजवळची सगुणाबाई उठली. सत्तरी ओलांडलेली, कधी चारचौघांत न बोललेली बाई. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "माझा पोरगा दारू सोडत नाही. बारा वर्षं मी मागतेय. अजून सुटली नाही. पण मागतेय." आणि बसली.

ह्याला साक्ष म्हणावं की काय, कोणालाच कळेना. मग पुरुषांच्या बाजूने एक जण उठला. त्याच्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं, ते त्याने सांगितलं. मग शाळेतल्या बाई उठल्या. त्यांना मूल नव्हतं, आणि आजवर तो विषय त्यांच्यापुढे कोणी काढला नव्हता. त्यांनी स्वतः काढला. पाळकसाहेब टोपी हातात धरून ऐकत होते. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "मलाही सांगायचंय," आणि खुर्ची ओढून बसले. त्या माणसाला बसून बोलताना मंडळीने पहिल्यांदाच बघितलं.

त्या दिवशी उपासना संपायला दुपार उलटली. पण चुलीवर कालवण ठेवून आलेल्या बायकासुद्धा उठल्या नाहीत.